दुसरं कडवं

आमच्या बँडला लोकांनी डोक्यावर घेतलं ते माझं कडवं गाळल्यामुळे. हे मी एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही, कारण मुलाखतीला मला कुणी बोलावत नाही. बोलावतात माझ्या आतेभावाला. तो गातो; लांब मानेमुळे सगळे त्याला बगळा म्हणतात. गाणी मी लिहितो आणि त्याच्या मागे उभा राहून बेस गिटार वाजवतो. ड्रमवाला दिवसा कवळ्या बनवतो. त्याच्याच कामाच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांसमोर, आमची तालीम चालायची. इतके शहाणे श्रोते आम्हाला पुन्हा मिळाले नाहीत.

पहिला कार्यक्रम एका नर्सिंग कॉलेजात झाला. गाण्याचं नाव 'इस्त्री'. माझे बाबा एकतीस वर्षं लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करत होते, हे गाणं त्यांच्यावर. पहिलं कडवं आपलं असंच, वाफेबिफेचं. दुसऱ्यात मात्र मी जीव ओतला होता:

शंभरांच्या कॉलरी ताठ केल्यास तू
तुझीच मान वाकत गेली, कुणी पाहिली?

आमच्या घरात असलं तोंडावर बोलायची सोय नाही. मी बोलायला गेलो असतो, तर बाबांनी आधी ताप आहे का बघितलं असतं. म्हणून गाण्यातून.

बगळ्याला पाठांतराचा पहिल्यापासून कंटाळा. मी कडवं कागदावर लिहून स्टँडला चिकटवलं होतं. ऐन वेळी कुणीतरी पंखा मोठा केला, कागद उडाला आणि बगळ्याची बोबडी वळली. घाबरून त्यानं माइक समोरच्यांपुढे धरला. गाणं कोरं करकरीत, शब्द त्यांना तरी कुठून येणार? दोनशे मुली जीव तोडून "ओ ओ ओ" करत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरातल्या एका उंटावरच्या शहाण्यानं लिहिलं, 'गायकाने आपला आवाज श्रोत्यांच्या स्वाधीन केला.' पडलो तरी नाक वर! बगळ्यानं कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

तिथून विसरण्याची तालीम सुरू झाली. कपाळाला हात, दोन पावलं मागे, ओठ थरथरवायचे, मग माइक पुढे. "चौथ्या ठोक्याला विसर," कवळीवाला ओरडायचा. "तिसऱ्याला विसरलास तर माझी काठी हवेतच राहते!"

लोक वेडे झाले. हॉल पुरेनात, मैदानं घ्यावी लागली. रेकॉर्डिंगमध्ये माझं कडवं पूर्ण आहे, पण त्याच्याखाली लोक लिहितात, 'लाइव्हची मजा नाही. मधेच हे काय घुसडलंय?' मी रोज वाचतो आणि रोज जळतो.

मग बाबा निवृत्त झाले आणि म्हणाले, "येतो एकदा तुमचा गोंधळ बघायला." फोनवर ते गाणी ऐकत नाहीत, बॅटरी उतरते म्हणून. म्हणजे कडवं त्यांच्या कानावर पडायची हीच एक संधी होती. मी बगळ्याला गाठलं.

"यावेळी विसरायचं नाही."

"अरे, लोक माझं विसरणंच बघायला येतात."

"एकदाच. तुझ्या मामासाठी."

मामाचं नाव काढल्यावर तो विरघळला. चार दिवस खोलीत येरझाऱ्या घालून त्यानं दोन ओळी पाठ केल्या.

रात्री आठला मैदान गच्च भरलं. सहा हजार माणसं. बाबा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. दुसरं कडवं आलं, सहा हजार हात वर झाले आणि बगळा चक्क गायला लागला. सुरात, शब्द न् शब्द बरोबर. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "विसर की रे!" मग पुढच्या रांगेतून एक "ओ ओ" उठला, मागच्यांनी तो उचलला आणि बगळ्याचा आवाज त्यात पार बुडाला. दिवे माझ्या डोळ्यांवर होते, मला कुणाचाच चेहरा दिसेना.

कार्यक्रम संपल्यावर बाबा स्टेजमागच्या आमच्या खोलीत आले. घामानं निथळत होते आणि डोळे नुसते चमकत होते. मी गिटार खाली ठेवली.

"झकास!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फक्त मधे त्याचं काहीतरी चुकलं ना? सगळे हात वर करून थांबलेले आणि हा आपला एकटाच बडबडत सुटला. मला कसंसंच झालं. म्हटलं, आपल्या पोरांची फजिती होतेय. शेजारचा म्हणाला, इथे ओ ओ करायचं असतं. मग मीच सुरू केलं, ओ ओ. एवढा जोर लावला की घसा बसला बघ."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. बगळा खाली मान घालून उभा होता. बाबा माझ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत.

"बरं झालं तुम्ही होतात," मी म्हणालो. "त्याची चूकच झाली, बाबा. पुन्हा नाही होणार."