कागदाखालचं लाकूड

अणदूरच्या राजेश्वरीनं रद्दीच्या पेन्सिली करायला घेतल्या, तेव्हा तिच्या शेजारी येऊन बसली ती एकटी तिची धाकटी जाऊ, शिवप्रिया. जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापायचा, खळ लावायची, मधे शिसं ठेवून घट्ट गुंडाळायचं आणि उन्हात वाळवायचं. पहिल्या पेन्सिली अशा वाकड्या झाल्या, की दोघी हसून हसून बेजार. पुढं हात बसला. गल्लीतल्या बायका आल्या, म्हाताऱ्या नागूबाई आल्या. राजेश्वरी शाळाशाळांतून फिरून पोरांना सांगायला लागली, "ह्या पेन्सिलीसाठी एक झाड तुटलं न्हाय बरं का!"

यंदा श्रावणात ढोकीकडच्या शाळांसाठी मोठी मागणी आली आणि नेमकी झड लागली. ऊन म्हणून दिसेना. पेन्सिली भिजल्या पापडासारख्या लिबलिबीत.

"उशीर होईल म्हणून कळवून टाकू," राजेश्वरी म्हणाली.

तशात सोलापुरात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. शिवप्रियानंच तिची पिशवी भरून दिली. "तुमी बिनघोर जावा, अक्का. आमी हाव की."

आईला घरी सोडून ती परतली, तर सगळे खोके भरून तयार!

"कशा वाळल्या गं?"

"नागूमावशीच्या चुलीवर पत्रा टाकला आन् शेकल्या," शिवप्रिया म्हणाली.

राजेश्वरीचे डोळे भरून आले. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "सख्खी बहीण करणार न्हाय, एवढं माझ्या जावंनं केलं."

राजेश्वरी शिवप्रियाला घेऊन ढोकीच्या शाळेत गेली, तेव्हा पोरं ओळीनं बसली होती. नेहमीसारखी राजेश्वरीनं खोक्यातली एक पेन्सिल उचलली आणि गिरमिटात घालून फिरवली. एरवी छापील अक्षरांची कागदी साल सुटायची आणि ती वेचायला पोरांची झुंबड उडायची. आज सुटली ती लाकडाची साल. तिला वाटलं, चुकून आली असेल एखादी. तिनं दुसरी घेतली, तिसरी घेतली. बाजारातल्या साध्या लाकडी पेन्सिली, वरून वर्तमानपत्राचा एक पदर चिकटवलेला.

तिनं वळून जावेकडं पाहिलं. शिवप्रिया खुर्चीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

मुख्याध्यापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "चालू द्या, ताई. लिहिते ना पेन्सिल? पोरांना काय कळतंय?"

"मला कळलंय ना, सर."

ती पोरांकडं वळली. "पोरांनो, ह्या लाकडाच्याच पेन्सिली आहेत. वरून कागद लावून तुमाला फसवलंय. खऱ्या घेऊन मी परत येईन." एवढं बोलून तिनं खोके बंद केले.

दोघी टेम्पोत बसून गावाकडं निघाल्या. मग शिवप्रियाच म्हणाली, "तुमचं नाव जाऊ न्हाय म्हणून केलं, अक्का."

"माझ्या नावासाठी मलाच फसवलंस? ती चूल, तो पत्रा... सगळं तोंडावर खोटं बोललीस."

"एकट्या माझ्यावर कशाला तुटून पडता? एवढे कागद म्या एकटीनं चिकटवले व्हय?"

हा विचार राजेश्वरीच्या मनाला शिवलाच नव्हता.

टेम्पोतून उतरली ती तडक नागूबाईंच्या दारात. म्हातारी तांदूळ निवडत होती.

"मावशी, तुमाला ठावं होतं?"

नागूबाईंनी सूप खाली ठेवलं. "समद्यांनाच ठावं होतं, बाई. हितंच तर बसलो हुतो. चार दिस लई मजेत गेले बघ."

"आन् मला सांगावं, असं एकीलाही वाटलं न्हाय?"

"तुला सांगितलं असतं, तर तू होऊ दिलं असतंस व्हय?"

राजेश्वरी आल्या पावली मागं फिरली. आपण सोलापुरात आईच्या उशाशी बसून ह्याच बायकांची वाखाणणी करत होतो, आणि त्या इथं हसतखेळत कागद चिकटवत होत्या, आपल्याला तेवढं वगळून. तिला रडू आलं ते घरी, मोरीचं दार लावून घेतल्यावर.

महिनाभर ती एकटीच पेन्सिली वळत बसली. ऊन पडलं, पेन्सिली वाळल्या. ढोकीला जाऊन तिनं दिलेला शब्द पाळला. मग एकेक करून बायका परत आल्या. कुणी माफी मागितली, कुणी नुसतीच येऊन खळ ढवळायला लागली. शेवटी शिवप्रिया आली. राजेश्वरीनं सतरंजीवर सरकून तिला जागा दिली.

पण आता संध्याकाळी काम उरकलं, की राजेश्वरी प्रत्येकीच्या ढिगातली एक पेन्सिल उचलते आणि सगळ्यांसमोर मोडून बघते. पहिल्यांदा तिनं तसं केलं, तेव्हा नागूबाईंचा चेहरा एवढासा झाला. शिवप्रियाच्या ढिगातली पेन्सिल कट्कन मोडली. आरपार कागद होता.

"बरोबर हाय ना, अक्का?" शिवप्रियानं विचारलं.

"हाय," राजेश्वरी म्हणाली, आणि तिनं पुढचा ढीग ओढला.