वरातीची घोडी

जुलैची दुपार. अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका हॉटेलच्या पार्किंगमधून राजीवच्या मुलाची, निमिषची वरात निघायची होती आणि सगळं अडलं होतं फेट्यांपायी. फेटा बांधता येणारे एकटे विक्रमकाका, आणि डोकी मात्र ही एवढी! एकाचा बांधून होतो न होतो, तोच दुसऱ्याचा सुटायचा. राजीव लॉबीत डोकवायचा, पुन्हा बाहेर यायचा. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाहेर तापलेल्या डांबरावर डेझी नावाची पांढरी घोडी उभी होती. अंगावर जरीची जाड मखमली झूल, कपाळावर मोत्यांच्या झालरी. राजीवचं स्वतःचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं होतं. सह्या केल्या आणि आइस्क्रीम खाऊन घरी. मुलगा मात्र घोड्यावरूनच मांडवात जाणार, हे त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. घोडीच्या मालकीणबाई तिला झाडाखाली न्यायचं म्हणत होत्या, पण फोटोग्राफरला इथलाच उजेड हवा होता.

"जस्ट फाइव्ह मिनिट्स," राजीव त्यांना म्हणाला. आपल्या लग्नातली पाच मिनिटं किती लांबतात, हे त्या बाईंना कोण सांगणार?

तेवढ्यात त्याची मुलगी इला आली. इथेच जन्मलेली, घोड्यांची डॉक्टर झालेली. घरात तिच्या पेशाची थोडी थट्टाच व्हायची.

"बाबा, हिला कधीपासून उन्हात ठेवलंय?"

"अगं, मजेत आहे ती. बघ, घामाचा थेंब नाही. नागपूरच्या उन्हात वाढलोय मी, हे काय ऊन आहे?"

इलानं झुलीखाली हात घातला. अंग कोरडं ठणठणीत आणि चटका बसेल इतकं तापलेलं. नाकपुड्या फुलल्या होत्या, पोट भात्यासारखं हलत होतं.

"घाम नाही, तोच प्रॉब्लेम आहे बाबा. या हीटमध्ये घोड्याला घाम यायलाच हवा. तो थांबला की बॉडी कूल होत नाही. शी कॅन डाय."

"मग आता वरात कॅन्सल करू? लोक काय म्हणतील?"

"मघापासून तू फेटा वर सरकवतोयस. गरम होतंय ना? तू तो काढू शकतोस. तिनं झूल कशी काढायची?"

राजीवचा हात फेट्यावरच थबकला. त्याच क्षणी डेझीचा पुढचा पाय लटपटला.

"निमिष, पाणी आण!" राजीव ओरडला आणि स्वतःच झूल ओढून काढली. मालकीणबाईंनी खोगीर सोडलं आणि घोडीला सावकाश झाडाखाली नेलं. राजीवच्या बायकोनं, दीपानं, पाहुण्यांसाठी ठेवलेले बर्फाच्या पाण्याचे कूलर ढकलत आणले.

"एवढं गार पाणी? झटका बसेल तिला," विक्रमकाका म्हणाले.

"नाही काका, गारच हवं. ओतत राहा. आणि पिऊ द्या तिला, अडवू नका."

शेरवानीतला नवरदेव बादलीमागून बादली ओतत होता. तरी डेझीची धाप काही केल्या कमी होईना. राजीव येरझाऱ्या घालत होता. आपल्या हौसेपायी हिचा जीव गेला तर? मुलाच्या लग्नाच्या दिवशी?

शेवटी डेझीनं मान खाली घालून बादलीत तोंड बुडवलं. ती पाणी पीत राहिली आणि हळूहळू तिचा श्वास संथ झाला. राजीवचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत.

वरात पायीच निघाली, ओल्या शेरवानीतल्या नवरदेवासकट. इला डेझीजवळ थांबली. वाटेत कुणीतरी विचारलंच, "अरे, घोडी कुठाय?"

"सावलीत," राजीव म्हणाला. "आमचंच चुकलं."

मंडळी, उन्हाळ्यात घोड्याला फार काही लागत नाही. सावली, भरपूर पाणी आणि भर दुपारी विसावा. हौस जरूर करावी. पण तिचं ओझं ज्याच्या पाठीवर टाकतो, त्याला 'नको' म्हणता येतं का, एवढं आधी बघावं.