मास्तर, काकू आणि समोरची काच

मी मोटारीची समोरची काच आहे, आता बरीच जुनी. मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतकी लख्ख होते, की एक कामगार मला धडकता धडकता वाचला. पुढे मी एका शिंपी मास्तरांच्या गाडीला बसले. सुरुवातीला ते मला मऊ कापडाने पुसत आणि शेजाऱ्यांना विचारत, "काच आहे असं वाटतं का?" मग कौतुक ओसरलं. बाहेरून मला पाऊस धुवायचा. आतून मास्तरांची बाही फिरायची, तीही वाफ धरली तरच. माझ्यावर आतून तेलकट थर चढला.

इकडे मास्तरांची साठी उलटली. सुईत दोरा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ओवू लागल्या. मास्तर म्हणत, "हल्ली सुयांची नेढीच बारीक काढतात." समोरून गाडी आली, की तिचा उजेड माझ्यावर पसरायचा आणि मास्तर त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कुणी सुचवलं म्हणून त्यांनी पिवळा चष्मा आणला. त्याने उजेड पिवळा झाला आणि अंधार आणखी काळा.

एकदा दिवेलागणीला दोघं मुलीकडून परतत होती. एका ट्रकच्या दिव्यांनी मास्तरांचे डोळे दिपले. पुढे लाल दिवा दिसताच त्यांनी शिस्तीत गाडी थांबवली. दिवा काही हिरवा होईना. शेवटी तो दिवा ज्याच्या पाटीवर होता, तो सलूनवाला बाहेर येऊन अदबीने म्हणाला, "आत या ना, खुर्ची रिकामी आहे."

काकू हसून हसून बेजार झाल्या. पण पुढच्याच वळणावर समोरून पुन्हा झगझगीत दिवे आले आणि त्या उजेडात एक सायकलवाली पार बुडून गेली. काकूंनी हँडब्रेक ओढला. गाडी सायकलच्या हातभर अलीकडे थांबली.

"मी दिसले नाही का?" तिने विचारलं.

"नाही दिसलात, बाई," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांनी कुणालाच दोष दिला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "ऑपरेशन होईपर्यंत अंधारात गाडी चालवू नका. आणि काच आतून पुसा." मास्तरांनी मला पुसलं. फडकं काळं झालं, आणि त्यांचं तोंड एवढंसं.

अंधारात चालवणार कोण? काकूंना गाडी येतच होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता ऑपरेशन होऊन मास्तरांना स्वच्छ दिसतं. तरी अंधार पडला की किल्ली ते आपणहून काकूंना देतात, आणि शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतात.

मित्रांनो, मला आतूनही पुसत जा आणि आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्यापलीकडे, रस्त्याच्या कडेने, कुणीतरी घरी चाललेलं असतं.