अस्वलाची हंडी आणि देवीची मासळी

आमची डोंगरदेवी दिसायला कुरूप आणि स्वभावाने मत्सरी. डोंगरात बाई दिसली की तिचं डोकं फिरतं, म्हणून शिकारीला पुरुषच जातात. त्यांचे म्होरके इवाओआजोबा अंगरख्यात एक वाळकी, काटेरी, विद्रूप मासळी ठेवतात. आपल्यापेक्षा वाईट तोंड बघून देवी खूश होते आणि अस्वल देते.

मारलेलं अस्वल गावात आलं की मात्र ते माझं. शिकारी दरवर्षी आमच्याच घरी जमतात आणि हंडी मीच लावते. हाडांसकट मांस, मुळा, आलं, आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो, तांदळाची दारू. फेस काढत काढत ते शिजवत बसायचं. तुकडा मोडून बघायचा, आत जरा गुलाबी दिसला तर परत हंडीत. अस्वलाच्या मांसात डोळ्यांना न दिसणारी कीड असते. ती जिवंत पोटात गेली तर माणूस तापाने फणफणतो, अंग ठणकतं, तोंड सुजतं.

यंदा आजोबा म्हणाले, "हिसाए, तू बस जरा. धाकटीला करू दे. नव्या हाताची चव बघू."

धाकटी म्हणजे माझी जाऊ, मिसुझु. सेन्दाइ शहरातून आलेली, हसली की गालाला खळी पडते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ओगराळं तिच्या हातात दिलं आणि कोपऱ्यात बसून तिची चूक शोधायला लागले. मेलीने हंडी अगदी नीट लावली होती.

मग तिने एक ताट आणून मधोमध ठेवलं. मागच्या शिकारीचं गोठवलेलं मांस, पातळ कापून फुलासारखं मांडलेलं.

"हे रश्श्यात नुसतं बुडवायचं आणि खायचं," ती म्हणाली. "इतके दिवस फ्रीजरमध्ये होतं, कीड केव्हाच मेली."

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अस्वल अख्खा हिवाळा बर्फाखाली झोपून काढतं. त्याच्या अंगातली कीड फ्रीजरला भिणार होय? वाटलं, गप्प बसावं. सगळे अंथरुणाला खिळले की ओगराळं आपसूक माझ्याकडे येईल.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने, तोकुओने, पहिला काप बुडवून उचलला. "वा, मिसुझु! असं नाजूक आमच्या घरात कुणाला कधी जमलं नाही."

त्याच्या जिवाच्या काळजीने उठले की त्या कौतुकाने, मला विचारू नका. मी त्याच्या हातावर फटका मारला, काप खाली पडला. मग अख्खं ताट उकळत्या हंडीत पालथं केलं.

"वहिनी, हे काय?" दीर ओरडला.

"कच्चं आहे. अस्वलातली कीड थंडीने मरत नाही. चांगलं शिजेपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही."

"तिचं कौतुक बघवलं नाही, असं सरळ सांग ना," तोकुओ म्हणाला.

"नाही बघवलं. पण मांस कच्चंच होतं."

आजोबांनी आपल्या जेवायच्या काड्या गुपचूप खाली ठेवल्या. मग अंगरख्यात हात घालून ती वाळकी मासळी काढली आणि माझ्यासमोर मांडली.

"देवी स्वतः खाली उतरल्यात," ते म्हणाले. "आता शांत व्हा, बाई."

सगळे पोट धरून हसले. तोकुओ सगळ्यांत जास्त. पण मी हो म्हणेपर्यंत हंडीला हात कुणी लावला नाही.

ओगराळं फिरवता फिरवता मी मासळी नीट न्याहाळली. माझ्यापेक्षा वाईट तोंड होतं, यात शंका नाही. देवीचं तेवढ्यावर समाधान होतं म्हणे. होत असेल. देवीसमोर त्या मासळीच्या पलीकडे, वाफेने गाल लाल झालेली मिसुझु बसलेली नसते.