ई-क्लासवरचं मीठ

"काका, उतरले का पुन्हा? पेट्रोल सरलं का लुनातलं?" सतीशनं लांबूनच हाक मारली.

माझे सासरे, मामाजी, लुना हातानं ढकलत येत होते. वळणावर इंजिन बंद करायचं, उतरायचं आणि ई-क्लासचा तुकडा संपेपर्यंत गाडी ढकलत न्यायची, ही त्यांची जुनीच सवय. गावात यावर पुष्कळ हसून झालंय. मीही हसले आहे.

"पेट्रोल महाग झालं ना, बापा," मामाजी म्हणाले. त्यांचं नेहमीचंच उत्तर.

"आता बॅटरीवाली घ्या. इथंच चार्ज करून देतो, फुकट!"

ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक. पूर्वी इथं गुरं चरायची, आता प्लास्टिकच्या पिशव्या उडत असतात. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशन कुठं आणि कसं उभारायचं ते छोट्या गावांनी ठरवावं, म्हणून सरकारनं अनुदान काढलं, आणि आमच्या नगरपंचायतीनं मानोऱ्याच्या रस्त्यावरची ही जागा दाखवली. "ई-गाडीले ई-क्लास," असं सतीश भेटेल त्याला सांगत सुटला होता. तो ठेकेदाराचा माणूस. मी नगरपंचायतीची कंत्राटी इंजिनिअर. मामाजींनी या गावात जन्मभर नळ सोडले. जुनी पाइपलाइन कुठून जाते ते दाखवायला आज त्यांना बोलावलं होतं.

माझं लक्ष जागेपेक्षा फोनकडं जास्त होतं. माझी लेक वैभवी घरी आत्याबाईंजवळ, माझ्या सासूजवळ, झोपली होती. मघाशी मी फोन केला तर त्या वैतागल्या. "झोपू दे ना माय तिले. कितीदा इचारशीन?"

मला विचारायचं असतं ते वेगळंच. वैभवी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. अजूनही. तिच्या आधीच्या मुलीच्या नाकाखाली मला बोट धरता आलं नव्हतं. मी शुद्धीवर आले तेव्हा पाळणा रिकामा होता आणि माझा नवरा गणेश भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मामाजींनी काठीनं मातीत रेघ ओढली. "पाइप हा असा जाते. रस्त्याच्या कडेकडेनं, टाकीपर्यंत. बाकी सारं मोकळं हाये."

"मंग झालं! हिवराच्या झाडाखाली घ्या रे खड्डे," सतीश ओरडला.

मजुरांनी टेम्पोतून एक पोतं उतरवलं आणि हिवराच्या बुडाशी टाकलं. पोत्याचं तोंड सुटलं. खडेमीठ मातीवर सांडलं.

मामाजी जागच्या जागी थांबले.

"मीठ कायले आणलं?"

"अर्थिंगले, काका. खड्ड्यात कोळसा न् मीठ भरा लागते. मंग करंट बरोबर मातीत उतरते."

"इथं नका खांदू."

"काहून?"

"पाइप हाये."

"आत्ता तं तुमी म्हणलं, रस्त्याच्या कडेनं जाते!"

"इसरलो होतो. म्हातारा झालो ना."

मामाजी काही विसरत नाहीत. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते सतीशकडं पाहत नव्हते, माझ्याकडंही नाही. ते मिठाकडं पाहत होते.

दवाखान्यातून मी मोकळ्या हातांनी घरी आले, त्या दिवशी कुणी नको म्हणत असताना स्वयंपाकघरात गेले होते. काहीतरी करायचं होतं. वरण फोडणीला टाकलं, मिठासाठी बरणी काढली, तर ती पार रिकामी. जाताना मीच भरून ठेवलेली. "मीठ कुठं गेलं?" मी विचारलं. "सरलं," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. ओट्यावर मामाजी काडीनं नखांतली माती काढत बसले होते.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, सोबत मीठ घालतात, वर काटे टाकतात, हे मला माहीत होतं. जागा आईला दाखवत नाहीत, हेही. दाखवली तर तिचा पाय सारखा तिकडंच वळतो म्हणे. मला ती जागा माहीत नव्हती, म्हणून मला सगळं गावच तसं झालं होतं. कुठंही बांधावर काटेरी फांदी पडलेली दिसली की मी वळसा घालायचे. आणि इथं लुनावरून उतरून पाय कुणाचा वळत होता, ते मी रोज बघत होते.

"मॅडम, तुमीच सांगा आता," सतीश म्हणत होता. "नकाशा मंजूर हाये. खड्डे हलवले तं नवा नकाशा अमरावतीले पाठवा लागते. अनुदानाचा हप्ता अटकन. साहेब मले नाही बोलनार, तुमाले बोलतीन. मार्चात तुमचं कंत्राट सरते ना?"

"पाइप आहे तिथं," मी म्हणाले.

"तुमी पाह्यला?"

"पाहिलाय. खड्डे टाकीच्या पलीकडं घ्या. मी लिहून देते."

तो हसला. "सून न् सासरा, दोघंबी पाइपवाले! उचला रे पोतं."

मजूर सांडलेलं मीठ फावड्यानं भरू लागले, तशी मामाजींनी काठी आडवी धरली. "थे राहू द्या."

सगळे टाकीकडं गेल्यावर त्यांनी विचारलं, "मंग इथं काय होईन?"

"वरून ब्लॉक बसवतील, मामाजी. खोदणार नाहीत. गाड्या उभ्या राहतील नुसत्या."

"त्या गाड्या आवाज करतेत का?"

"नाही. शेजारून गेली तरी कळत नाही."

"मंग होऊ दे," ते म्हणाले आणि लुनाचं हँडल धरलं.

मी मागून हात लावला. आम्ही दोघं गाडी ढकलत निघालो. पर्समध्ये फोन वाजू लागला, घरचाच होता. मी घाईनं त्याचा आवाज बंद केला.

"केस होते का तिला?" मी हळूच विचारलं.

मामाजींनी मागं वळून पाहिलं नाही.

"लय होते. वैभवीपक्षा बी जास्त."

ई-क्लासची हद्द संपली. आता त्यांनी पेडल मारून गाडी सुरू करावी म्हणून मी हात काढून घेतला. पण ते तसेच ढकलत पुढं चालत राहिले, तेव्हा मीही पुन्हा हात लावला.