कॉलिनची जुनी नक्कल

हेमचंद्रचा एकच हट्ट होता. कॉलिन कायमचा ब्रिस्बेनला परतण्याआधी त्याची ती जुनी नक्कल एकदा व्हायलाच हवी.

नक्कल भारतीय दुकानदाराची. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, गदगदा हलणारी मान आणि इंग्रजीला असा काही हेल, की भारतात तसं कुणी बोलत असेल तर शपथ! हेमचंद्र पुण्याहून नवा नवा सिंगापूरला आला, तेव्हा ऑफिसच्या पार्टीत त्याने ती पहिल्यांदा पाहिली आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. तिथून दोघांची गट्टी जमली. मग दर वर्षी नक्कल आणि दर वर्षी हशा. गेल्या काही वर्षांत मात्र कॉलिनने ती बंदच करून टाकली होती. विचारलं तर म्हणे, आमच्याकडे आता असल्या विनोदांवर कुणी हसत नाही. हेमचंद्रला ते काही पटेना. ज्याची नक्कल त्याला चालते, मग या ऑस्ट्रेलियन लोकांच्या पोटात का दुखावं?

निरोपाच्या जेवणाला कॉलिन मरीन परेडहून त्यांच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोवर आला. हेमचंद्रच्या बायकोने, अंजलीने, टेक्का मार्केटातून अळूची पानं आणून खास त्याच्या आवडीच्या वड्या केल्या होत्या. आग्रहाचं खातं हेमचंद्रकडे. पाहुणा 'नको' म्हणाला की 'अजून दोन वाढा' असं ऐकायचं, हे त्याच्या आईचं वळण.

"आता नक्कल!" पानात आणखी एक वडी टाकत तो म्हणाला. बोलला इंग्रजीत, पण सूर अस्सल पंगतीतला. टॉवेलसुद्धा तयार ठेवला होता.

"बाबा, कॅनॉट ला!" लेकीने, गार्गीने, सिंगापुरी इंग्रजीत 'नाही चालायचं' म्हणत कपाळावर हात मारला.

"नको, हेम," कॉलिन म्हणाला.

"एकदाच. माझ्यासाठी."

कॉलिनने टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. "माझ्या नातीने जुना व्हिडिओ पाहिला. मी म्हटलं, बघ, माझा भारतीय मित्रच सगळ्यांत जास्त हसतोय. तर ती विचारते, आजोबा, त्याला न हसणं परवडलं असतं का?"

हेमचंद्रचा वाढता हात थबकला. त्याला ती पार्टी आठवली. नवा कोरा ब्लेझर, ओळखीचं कुणी नाही, आणि हा हसतो की नाही म्हणून वळून बघणारे सगळे. घरी येऊन त्याने आरशासमोर स्वतःचेच उच्चार घोटले होते. अंजलीने ते पाहिलं होतं आणि आजवर कधी विषय काढला नव्हता.

"पहिल्यांदा नव्हतं आलं हसू," तो म्हणाला. "नंतर आलं. तोवर तू आवडायला लागला होतास."

"सॉरी, हेम." कॉलिनचे डोळे भरले. "तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

सवयीने हेमचंद्रने ताटलीच पुढे केली. "असू दे. घे, वडी घे."

"आज खरंच बोलायचं ना?" कॉलिनने चोरट्या नजरेने अंजलीकडे पाहिलं. "ह्या वड्या मला पहिल्यांदा अजिबात आवडल्या नव्हत्या."

"आणि नंतर?"

"नंतरही नाही. घशाला खाजतात रे! तुझ्यासाठी गिळत आलोय इतकी वर्षं."

आधी अंजलीलाच हसू फुटलं. मग गार्गीला. हेमचंद्र तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि जन्मात पहिल्यांदाच पाहुण्याच्या पानातली वडी उचलून त्याने स्वतःच्या तोंडात टाकली.