जित्याचा पिंड

सोजरबाईला येड लागलं, असं मेडशीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गावाचं काय जातं ठरवायला? कापसाच्या खोलीत गावाला थोडंच बसायचं होतं.

खोली घराच्या मागच्या अंगाला. वेचलेला कापूस भाव चढेस्तोवर तिथंच भरून ठेवायचा. त्या साली कापसाच्या जोडीला उकंडरावानं आपली विधवा भावजयही ठेवली, बाहेरून कडी घालून. दर वेचणीला कापूस वाढायचा आणि तिची बसायची जागा कमी व्हायची. आधी ती घसा फाटेस्तोवर ओरडली. पण कापूस आवाज पिऊन टाकतो. मागच्या गल्लीतून पाण्याला जाणाऱ्या बायकांना एक शब्दही ऐकू गेला नाही. मग तिनं ओरडणं सोडलं.

गुन्हा काय, तर पाहिलं ते बोलून दाखवलं. पोळा नुकताच झाला होता. तिचा एकुलता एक जगदेव, मिसरूड फुटू लागलेला पोरगा, काकासोबत रिसोडच्या बाजाराला गेला. दिवस मावळताना उकंडराव एकटाच बंडी घेऊन परतला आणि अंगणात धाय मोकलून रडला. नाल्याला पूर आला, बंडी कलंडली, पोरगं वाहून गेलं म्हणे. सारं गाव त्याच्यासंगं रडलं. सोजरबाई मात्र बैल सोडायला धावली होती. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठी कोरड्या होत्या. पोरगं गिळणारा पूर बैलांच्या पोटालाही लागला नव्हता.

मेलेल्या थोरल्या भावाच्या वाट्याची निम्मी जमीन जगदेवची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण उकंडराव पाटलाच्या बैठकीतला माणूस. त्याच्यापुढं तोंड कोण उघडणार?

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, अशी रीत. उकंडरावाला तेवढा दम कुठला. "म्या डोयानं जाताना पाह्यला," म्हणत त्यानं दिवाळीच्या आत पळसाच्या पानांचा पुतळा करवला, त्याला जगदेवचा सदरा घातला आणि नदीकाठी जाळला. दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला. सोजरबाईला राहवलं नाही.

"जित्या माणसाच्या पिंडाले कावळा शिवन कसा?" ती सगळ्यांदेखत बोलली. "बैलाच्या पाठी कोरड्या होत्या. इचारा याले."

घरी आल्याबरोबर तिला खोलीत घातलं.

भाकर घेऊन यायची ती तिची जाऊ, उकंडरावाची बायको तुळसाबाई. बाई वाईट नव्हती, पण नवऱ्यापुढं तिची मांजर व्हायची. "बाई, बैल तं म्या सोडले होते त्या दिवशी," ती भाकर ठेवता ठेवता म्हणायची. "तुमी चुलीपाशी होत्या." रोज तेच. पढवलेलं होतं, हे सोजरबाईला कळत होतं. तरी रोज ऐकून ऐकून माणसाचं काय होतं? ती आपलाच तळहात उलटा-सुलटा करून पाहायची. पाठ कोरडी होती, की ओली? आपण खरंच चुलीपाशी होतो? पोरगं गेलं हे सोसवेना म्हणून आपणच हे रचलं की काय? हिवाळा सरत आला तेव्हा ती हे विचारही मोठ्यानं करू लागली होती.

शिमग्याच्या तोंडावर, भर दुपारी, उकंडराव स्वतः आला आणि उंबऱ्यावर निवांत बसला.

"वयनी, एक भामटा आला हाये. बंजाऱ्याच्या तांड्यातला रूपला त्याले घेऊन आला. म्हणते, नाल्याच्या खालच्या अंगाले सापडला, डोक्शाले मार होता, हिवाळाभर तापात होता. त्या दिवसाचं काही आठवत नाही म्हणते पोरगं."

सोजरबाई ताडकन उभी राहिली.

"बसा. पंच अंगणात हायेत. पुतळा जाळलेला माणूस घरात घेता येत नाही. पण माय हो म्हणन तं पुन्हा बारसं करून घेऊ, म्हणतात." त्यानं धोतराला लागलेला कापूस सावकाश वेचला. "म्हणा ना हो. मले काय? पोरगं याच घरात राहीन, माह्याशेजारी जेवन, माह्यासंगं बाजाराले येईन. एक डाव वाचलं. घडीघडी कोण वाचते?"

म्हणजे पाठी कोरड्याच होत्या. ती येडी नव्हती. एवढं कळायला ती किती तळमळली होती, आणि कळलं ते त्याच्याच तोंडून. पंचांना सांगावं? एकदा सांगून पाहिलं होतं. त्याचं बक्षीस ही खोली.

अंगणातल्या उन्हानं तिचे डोळे दिपले. मग पोरगं दिसलं. वाळलेलं, जखमेच्या वणानं चेहरा बदललेलं, पण बापाची उंची घेऊ लागलेलं.

"माय," तो म्हणाला.

पंचांतले म्हातारे मारोतराव पुढं झाले. "सोजरबाई, नीट पाह्य. हा तुहा जगदेव हाये का?"

"नाही," ती म्हणाली.

पोरानं सदरा वर केला. बेंबीजवळ काळा डाग होता. "हे पाह्य, माय. पोट दुखलं तवा तूच बिब्ब्याचा चटका देला होता."

दिला होता. तो रडला तेव्हा त्याच्याहून जास्त तीच रडली होती.

"बिब्बे घरोघर घालतात. माह्या पोराच्या आंगावर डाग नव्हता."

"काहून असं करून राह्यली, माय?"

 पोरगं बापासारखं हट्टी होतं, नुसत्या नाहीनं ते उद्या पुन्हा दारात येऊन बसलं असतं. सोजरबाईनं मूठभर माती उचलली आणि त्याच्या तोंडावर फेकली.

"मेल्या पोराच्या नावानं भाकरी खायले आला का? रूपला, ने याले. पुन्हा या शिवारात दिसला तं कुत्रे सोडीन."

तो रडला नाही. त्यानं तोंड पुसलं, सदरा खाली ओढला, परक्या बाईकडं पाहावं तसं तिच्याकडं पाहिलं आणि चालू लागला. रूपला जरा घुटमळला, मग त्याच्यामागं गेला.

"बाई शुद्धीवर आली," मारोतराव म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. उकंडरावानं पंचांसमोर खोलीची कडीच उपटून फेकली.

"आता मोकळ्या झाल्या, वयनी. कुठंबी जा," तो हसून म्हणाला. "पोहरादेवीकडं जाऊन या. तिकडं तांडे लई हायेत."

आपण जिथं जाऊ तिथं याचा माणूस मागं येणार, आणि आपण पोराला जवळ केलं की पोराचं काही खरं नाही, हे तिला त्या हसण्यातच कळलं. ती वळली, कापसाच्या खोलीत गेली आणि दार तिनं आतून लावून घेतलं. बाहेर राहिली असती तर पाय तांड्याकडंच वळले असते, आणि त्या पायांवर तिचा भरवसा नव्हता.